रिकामा संगणक खगोलसंशोधनाच्या कामाला कसा लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात चार-पाच वर्षं वापरलेला एक लॅपटॉप आहे, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेला एक डेस्कटॉप आहे. खगोलशास्त्राची आवड आहे, पण प्रोग्रॅमिंग येत नाही. रिकाम्या वेळेत हे संगणक संशोधनाला देता येतात असं ऐकलंय. सुरुवात कुठून करायची, यंत्र खराब होईल का, आणि शास्त्रज्ञांना याचा खरोखर उपयोग होतो की हे आपलं मनाचं समाधान?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. त्याचं उत्तर पटलं नाही तर पुढच्या सेटिंगांचा कंटाळा येतो आणि माणसं महिन्याभरात सोडून देतात. उपयोग होतो, पण तो बहुतेकांना वाटतो तसा नाही. तुमच्या संगणकाला एक दिवस काहीतरी सापडेल या आशेवर हे सगळं चालत नाही. तुमच्याकडे आलेला आकाशाचा, वारंवारतेचा किंवा काळाचा एक छोटा तुकडा नीट तपासला जातो आणि ‘इथे काही नाही’ हे उत्तर वेळेत परत जातं. अशी लाखो ‘नाही’ एकत्र आली की त्यातून शास्त्र तयार होतं.

हे कसं, ते आइन्स्टाइन ॲट होम या प्रकल्पावरून सांगतो. फेब्रुवारी २००५ मध्ये तो सुरू झाला. अमेरिकेतलं विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठ आणि जर्मनीतली माक्स प्लांक गुरुत्वीय भौतिकी संस्था तो चालवतात, आणि ब्रूस ॲलन हे त्याचे प्रमुख. मुख्य शोध आहे अखंड गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशकाळात न थांबता उठत राहणाऱ्या तरंगांचा. २०१५ साली लायगो या अमेरिकेतल्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेने पहिल्यांदा पकडली ती लहर दोन कृष्णविवरांच्या टकरीची होती, सेकंदाच्या काही भागात संपलेली. अखंड लहरी वेगळ्या. वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा (मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिघन गोळा) पुरता गोल नसेल, त्याच्या पृष्ठभागावर किंचित उंचवटा असेल, तर तो सतत, वर्षानुवर्षं, अतिशय क्षीण लहर सोडत राहील. ती इतकी क्षीण असते की काही महिन्यांची नोंद एकत्र करून पाहिल्याशिवाय दिसायची नाही.

इथेच गणिताचा डोंगर उभा राहतो. समजा, एखादा तारा १०० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांची लहर सोडतोय. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या दहा-हजारांश वेगाने. त्यामुळे ती १०० हर्ट्झची लहर आपल्याला वर्षभरात सुमारे ०.०१ हर्ट्झ वरखाली सरकलेली मिळते. ०.०१ हा आकडा किरकोळ वाटेल. पण वर्षभराची नोंद घेतली की वारंवारता एका हर्ट्झच्या सुमारे तीन कोटीव्या भागापर्यंत वेगळी ओळखता येते. म्हणजे हे ०.०१ हर्ट्झचं सरकणं वारंवारतेच्या अशा तीन लाखांहून अधिक बारीक कप्प्यांवर पसरलं. आधीच क्षीण असलेला संकेत इतक्या कप्प्यांत वाटला गेला तर कशातच दिसणार नाही. तो पुन्हा एका कप्प्यात गोळा करायचा तर तारा आकाशात नेमका कुठे आहे ते माहीत हवं, कारण सरकणं किती आणि कधी होणार हे दिशेवर ठरतं. आणि तेच तर माहीत नाही! म्हणून आकाशातली प्रत्येक दिशा, प्रत्येक वारंवारता, आणि तारा किती वेगाने मंदावतोय याची प्रत्येक शक्यता, या सगळ्यांच्या जोड्या करून तपासाव्या लागतात. नोंद जितकी लांब, तितकी या जोड्यांची जाळी बारीक करावी लागते, आणि गणना त्याच्या कितीतरी पटींनी वाढते.

या सगळ्याची एक गोष्ट मात्र सोयीची आहे: एका जोडीच्या गणनेला दुसऱ्या जोडीचं उत्तर लागत नाही. त्यामुळे काम तोडून हजारो घरांत वाटता येतं. ज्या गणनांमध्ये प्रत्येक प्रोसेसरला क्षणाक्षणाला शेजाऱ्याशी बोलावं लागतं, त्या अशा पद्धतीने होत नाहीत. त्यांना महासंगणकच हवा.

२०२३ साली या प्रकल्पाने लायगोच्या तिसऱ्या निरीक्षणसत्राच्या माहितीतून, २० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात, सगळं आकाश धुंडाळल्याचा निकाल प्रसिद्ध केला. लहर सापडली नाही. पण ‘नाही’ किती नेमकं असू शकतं ते पाहा. सेकंदाला २०० पेक्षा जास्त वेळा फिरणारा आणि ज्याचा विषमगोलपणा (गोल आकारापासूनचा फरक) कोटीत अर्ध्या भागापेक्षा मोठा आहे, असा न्यूट्रॉन तारा आपल्यापासून १०० पार्सेकच्या, म्हणजे सुमारे ३२६ प्रकाशवर्षांच्या आत असण्याची शक्यता त्यांनी जवळजवळ मोडीत काढली. न्यूट्रॉन ताऱ्याची त्रिज्या साधारण १० किलोमीटर धरली तर हा फरक अर्ध्या मिलिमीटरचा होतो. शेकडो प्रकाशवर्षं दूर, कधी न दिसलेल्या ताऱ्यावर अर्ध्या मिलिमीटरचा फुगवटासुद्धा नाही, असं कुणीतरी म्हणू शकलं ते बऱ्याच अंशी लोकांच्या घरच्या संगणकांच्या बळावर. मला विचाराल तर एखाद्या शोधाच्या बातमीपेक्षा हा निकाल जास्त भारी आहे.

आता शोध लागतच नाहीत असंही नाही. याच प्रकल्पात रेडिओ आणि गॅमा किरणांच्या नोंदींतून पल्सार, म्हणजे फिरताना ठरावीक अंतराने संकेत देणारे न्यूट्रॉन तारे, शोधण्याचं काम चालतं, आणि तिथे यश भरपूर आहे. ऑगस्ट २०१० मध्ये पहिला जाहीर झाला: पीएसआर जे२००७+२७२२, सेकंदाला सुमारे ४१ फेऱ्या घेणारा. पोर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीने ही नोंद २००७ सालीच केली होती. ती तीन वर्षं पडून होती, आणि अमेरिकेतलं एक दांपत्य आणि जर्मनीतला एक स्वयंसेवक यांच्या संगणकांनी तो पल्सार त्यातून बाहेर काढला. २०२० मध्ये आणखी एक विलक्षण जोडी मिळाली. सेकंदाला ५०८ फेऱ्या घेणारा गॅमा-किरण पल्सार, आणि त्याचा साथी त्याच्याभोवती फक्त ७५ मिनिटांत प्रदक्षिणा घालतो. हा शोध एका प्रोसेसर-कोअरवर (प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र गणना-घटकावर) घेतला असता तर ५०० वर्षं लागली असती असा संशोधकांचा अंदाज होता. स्वयंसेवकांच्या ताकदीचा काही भाग वापरून तो दोन आठवड्यांत झाला. अरेसिबोची दुर्बीण १ डिसेंबर २०२० ला कोसळली, तरी तिच्या जुन्या नोंदींवरचं काम पुढे चालू राहिलं. दुर्बीण गेली तरी तिने टिपलेलं आकाश पुन्हा पुन्हा चाळता येतं.

एवढं पुरे. आता कामाचं.

सगळ्याच्या मुळाशी बॉइंक नावाचं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. प्रकल्पांकडून कामं आणायची, तुमच्या संगणकावर चालवायची आणि उत्तरं परत पाठवायची, हे तेच करतं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड अँडरसन यांच्या चमूने ते बनवलं. त्याआधी त्यांनीच १९९९ मध्ये सेटी ॲट होम सुरू केलं होतं. परग्रहावरच्या संकेतांचा शोध घेणारा तो प्रकल्प आठवत असेल तर एक लक्षात घ्या: मार्च २०२० अखेर त्यांनी नवं काम वाटणं थांबवलं. जुने लेख वाचून बरेच जण आजही तेच शोधत येतात आणि काम का मिळत नाही म्हणून बुचकळ्यात पडतात. अशा प्रकल्पांना आयुष्य असतं. अनुदान संपतं, प्रश्न सुटतो, माणसं दुसरीकडे जातात. म्हणून कुठल्याही प्रकल्पात नाव घालण्याआधी त्याच्या मुखपृष्ठावरची शेवटची बातमी किती जुनी आहे आणि सर्व्हरच्या स्थितीच्या पानावर वाटायला कामं शिल्लक आहेत का, हे दोन मिनिटांत पाहून घ्या.

खगोलशास्त्रापुरतं सांगायचं तर नवख्याने तीन नावं विचारात घ्यावीत.

आइन्स्टाइन ॲट होमबद्दल वर सांगितलंच. माझा कौल सुरुवातीला त्यालाच. काम सहसा कायम मिळतं, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं, साधा प्रोसेसर असो वा ग्राफिक्स कार्ड, प्रत्येकाजोगं काही ना काही असतं, आणि निकाल रीतसर शोधनिबंधांत येतात.

दुसरा, ॲस्टेरॉइड्स ॲट होम. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ तो चालवतात. लघुग्रह दुर्बिणीतून नुसता ठिपका दिसतो. पण तो फिरताना त्याची चमक कमीजास्त होते, आणि वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या अशा चमकेच्या नोंदी जुळवल्या की त्याचा आकार, अक्षाची दिशा आणि फिरण्याचा काळ काढता येतो. फिरण्याचा काळ आधी माहीत नसला तर शक्य त्या सगळ्या काळांची लांब यादी तपासावी लागते. त्या यादीचा एक-एक तुकडा तुमच्याकडे येतो. कामं आटोपशीर असतात, मेमरी फार खात नाहीत. जुन्या लॅपटॉपला हा प्रकल्प मानवतो.

तिसरा, मिल्कीवे ॲट होम, अमेरिकेतल्या रेन्सेलिअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटचा. आपल्या आकाशगंगेने गिळलेल्या छोट्या दीर्घिकांचे ताऱ्यांचे लांबलचक ओघ मागे राहिलेत. अशी छोटी दीर्घिका संगणकात तयार करायची, आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणात तिला फाटू द्यायचं, आणि उरलेला ओघ खऱ्या आकाशातल्या ओघाशी जुळतो का ते पाहायचं. जुळलं तर त्या मूळ दीर्घिकेत कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) किती होतं याचा अंदाज येतो. इथे एका कामात प्रोसेसरचे अनेक कोअर एकदम वापरले जातात. ग्राफिक्स कार्डासाठीचं त्यांचं काम २०२३ मध्ये संपलं, त्यामुळे तेवढ्यासाठी तिकडे जाऊ नका. आणखी एक: आधीच्या उत्तरांवरून पुढची कामं ठरतात, म्हणून उत्तर लवकर परत जाणं इथे विशेष महत्त्वाचं.

(नावावरून फसू नका. रोझेटा ॲट होमचा अवकाशयानाशी काही संबंध नाही, तो प्रथिनांच्या घडणीचा अभ्यास आहे. आणि गॅलेक्सी झू वगैरे उपक्रमांत चित्रं पाहून वर्गवारी तुम्ही स्वतः करायची असते. तेही उत्तम काम आहे, पण तिथे संगणक नाही, डोळे द्यावे लागतात.)

प्रकल्प निवडायचाच कंटाळा असेल तर सायन्स युनायटेड नावाची सोय आहे. तिथे ‘खगोलशास्त्र’ एवढंच सांगायचं, प्रकल्प तीच जोडून देते. सोपं आहे, पण मग आपला संगणक आज नेमकं काय करतोय याच्याशी नातं तुटतं. आवड असलेल्या माणसाने थेट प्रकल्पालाच जोडून घ्यावं असं मला वाटतं.

बॉइंक फक्त त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. लिनक्सवर असाल तर वितरणाच्या स्वतःच्या भांडारातून. बसवल्यावर ‘टूल्स’ मेनूतून ‘ॲड प्रोजेक्ट’, यादीतून प्रकल्प, ईमेल आणि पासवर्ड. झालं. यासाठी कुणी पैसे मागत असेल किंवा कमाईचं आमिष दाखवत असेल तर तिथून उठा.

पहिली एक चूक जवळपास सगळे करतात: उत्साहाच्या भरात पाच-सहा प्रकल्प जोडतात. प्रत्येक प्रकल्प आपली कामं पाठवतो, रांग लांबते, मुदती जवळ येतात, आणि बॉइंक घाईघाईने एक सोडून दुसरं करत राहतं. पहिला महिना एकच प्रकल्प ठेवा. नंतर दुसरा जोडलात तर ‘रिसोर्स शेअर’ नावाचा आकडा दिसेल. ती टक्केवारी नाही, वाटणीचं प्रमाण आहे. एकाला १०० आणि दुसऱ्याला ५० दिलेत तर कामाची विभागणी दोनास एक होईल, तीही रोजच्या रोज नव्हे, दीर्घकाळात. शून्य दिलंत तर तो प्रकल्प राखीव राहतो: पहिल्याकडे काम नसेल तेव्हाच त्याच्याकडून मागवलं जातं. ही शून्याची सोय फार थोड्यांना माहीत असते आणि फार उपयोगी आहे.

सुरुवातीला बॉइंक साधा चेहरा दाखवतं. ‘व्ह्यू’ मेनूतून ‘ॲडव्हान्स्ड व्ह्यू’ निवडा. घाबरवणारं नाव आहे, आत फक्त कामांची यादी आणि नोंदी आहेत. मग ‘ऑप्शन्स’मधून ‘कॉम्प्युटिंग प्रेफरन्सेस’ उघडा. यंत्राचं आरोग्य इथे ठरतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सगळ्यात वर दोन टक्केवाऱ्या आहेत आणि त्यांत नेहमी गोंधळ होतो. एक आहे किती टक्के प्रोसेसर-कोअर वापरायचे, दुसरी किती टक्के वेळ वापरायचे. उष्णता कमी करायची तर पहिली कमी करा, दुसरी १०० वरच ठेवा. दुसरी ५० केली की बॉइंक काम थोडा वेळ चालवतं, थोडा वेळ थांबवतं, पुन्हा चालवतं. पंखा वरखाली होत राहतो, तापमान हिंदकळतं. लॅपटॉपला ५० टक्के कोअर द्या. डेस्कटॉपला ७५ ने सुरुवात करा, आणि ग्राफिक्स कार्डही कामाला लावणार असाल तर किमान एक कोअर मोकळा ठेवा. कार्डाला माहिती पुरवायला प्रोसेसरच लागतो. तो बाकीच्या कामांत गुंतलेला असला तर महागडं कार्ड नुसतं वाट पाहत बसतं.

‘बॅटरीवर असताना थांबा’ हे लॅपटॉपवर चालूच ठेवा. ‘संगणक वापरात असताना थांबा’ हे प्रोसेसरच्या कामासाठी बंद केलं तरी चालतं. बॉइंकची कामं सगळ्यात कमी प्राधान्याने चालतात, तुम्ही काही उघडलंत की ती मागे सरकतात. ग्राफिक्स कार्डाचं मात्र तसं नसतं. त्यावर काम चालू असताना व्हिडिओ किंवा खिडक्या अडखळू शकतात, म्हणून कार्डासाठीचा तो पर्याय चालू असू द्या.

‘थांबवलेली कामं मेमरीत ठेवा’ हा पर्याय, रॅम पुरेशी असेल तर, चालू करा. नाहीतर प्रत्येक वेळी काम थांबलं की शेवटच्या जतन-बिंदूपासून पुन्हा सुरू होतं, आणि मधली मेहनत वाया जाते. जतन किती वेळाने करायचं तेही तिथेच ठरवता येतं. मुळात ६० सेकंद असतं. संगणक सलग चालत असेल तर ते ३०० किंवा ६०० करा, डिस्कवरचं लिहिणं तेवढं कमी होईल.

आणि कामाचा साठा. ‘किमान इतक्या दिवसांचं काम ठेवा’ या ओळीत लोक १० लिहून मोकळे होतात. इंटरनेट गेलं तर काय, म्हणून. बहुतेक कामांची मुदत एक ते दोन आठवड्यांची असते, आणि तुमचा संगणक दिवसातले चार-सहा तासच चालू असेल तर दहा दिवसांचा साठा महिन्याभरातही संपणार नाही. म्हणजे मुदत चुकली, सर्व्हरने तेच काम दुसऱ्याला दिलं, आणि तुमची वीज फुकट गेली. नवख्याने तिथे ०.१ आणि खालच्या ‘अधिक’च्या रकान्यात ०.५ ठेवावं.

एक बारीक मुद्दा: या सेटिंग संगणकावरही करता येतात आणि प्रकल्पाच्या संकेतस्थळावरही. संगणकावर एकदा बदल जतन केलात की त्या यंत्रापुरत्या संकेतस्थळावरच्या सेटिंग निष्प्रभ होतात. ‘मी तिकडे बदल केला तरी काहीच होत नाही’ या तक्रारीचं कारण दहात नऊ वेळा हेच असतं. कुठलं काम घ्यायचं, कार्ड वापरायचं की नाही, हे प्रकल्पाचे निर्णय मात्र संकेतस्थळावरूनच होतात. तिथेच, प्रोसेसरच्या पोटातल्या एकात्मिक ग्राफिक्सला काम देऊ नका असं मी सुचवेन. प्रोसेसर आणि ते, दोघांची उष्णता आणि मेमरी एकच. मिळतं थोडं, तापतं जास्त.

यंत्र खराब होईल का, याचं उत्तर तापमानात आहे. चांगली हवा खेळणारा डेस्कटॉप वर्षानुवर्षं हे काम करू शकतो. लॅपटॉप त्यासाठी बनलेला नाही, पण मर्यादेत चालवला तर अडचण नाही: आतली धूळ साफ, खालून हवा जायला जागा, गादीवर किंवा पांघरुणावर कधीच नाही. तापमान दाखवणारं एखादं मोफत सॉफ्टवेअर पहिल्या दिवशीच बसवा आणि अर्ध्या तासाच्या कामानंतर पाहा. प्रोसेसर ८५ अंशांच्या वर रेंगाळत असेल तर कोअर आणखी कमी करा. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत त्याची वीजमर्यादा खाली ओढणं हा सगळ्यात चांगला उपाय आहे. वीज बऱ्यापैकी कमी केली तरी वेग त्या मानाने थोडाच उतरतो, आवाज आणि उष्णता मात्र लगेच कमी होते. ठरावीक वेगापेक्षा जास्त पळवलेलं कार्ड या कामाला नकोच. खेळात एखादा चुकीचा ठिपका कुणाच्या लक्षात येत नाही, इथे एक चुकीचा आकडा अख्खं काम बाद करतो.

विजेचा हिशेब आधीच मांडा, नंतर बिलावर चिडण्यापेक्षा ते बरं. डेस्कटॉप या कामामुळे १५० वॅट जास्त ओढत असेल तर दिवसाला ३.६ युनिट, तीस दिवसांत १०८ युनिट. लॅपटॉप ३० वॅट जास्त घेत असेल तर महिन्याला साधारण २२ युनिट. तेही दिवसरात्र चालवला तर. ही तुमची देणगी आहे. ती किती द्यायची ते ठरवा आणि वेळापत्रकात तेवढेच तास घाला. यासाठी नवा संगणक विकत घेऊ नका. आणि आहे तोही केवळ यासाठी रात्रभर चालू ठेवायलाच हवा असं नाही. एरवी चालू असतोच, त्या वेळात जे होतं ते पुष्कळ आहे. फार जुनी यंत्रं मात्र खरोखर काढून टाका. तितक्याच विजेत नवं यंत्र कितीतरी पट काम करतं, आणि पंधरा वर्षांपूर्वीचा डबा चालवणं ही हौस झाली.

पहिल्या आठवड्यात काही गोष्टी पाहून धास्तावायला होतं. उरलेल्या वेळेचा अंदाज सुरुवातीला भलताच येतो. दहा-बारा कामं झाली की तो आपोआप ताळ्यावर येतो. आइन्स्टाइन ॲट होमची काही कामं ९० किंवा ९९ टक्क्यांवर येऊन अडकल्यासारखी दिसतात. ती अडकलेली नसतात. शेवटच्या टप्प्यात, हाती लागलेले सगळ्यात आश्वासक उमेदवार जास्त अचूकतेने पुन्हा मोजले जातात, आणि त्या वेळी टक्केवारी हलत नाही. लोक तिथे काम रद्द करून टाकतात आणि तासाभराची मेहनत शेवटच्या दोन मिनिटांत घालवतात. तसंच, गुरुत्वीय लहरींच्या कामांसाठी सुरुवातीला मोठ्या फाइली उतरतात. पुढची कामं सर्व्हर मुद्दाम त्याच फाइलींवरची पाठवतो, म्हणजे पुन्हा उतरवायला नकोत. त्यामुळे काही बिनसल्यासारखं वाटलं की लगेच ‘रीसेट प्रोजेक्ट’ दाबू नका. सगळं पुसलं जातं आणि उतरवणं पहिल्यापासून सुरू होतं.

काम संपलं की ते परत जातं, पण लगेच मान्य होत नाही. तेच काम साधारणपणे दुसऱ्या एखाद्या अनोळखी संगणकालाही दिलेलं असतं. दोन्ही उत्तरं जुळली तरच ते ग्राह्य धरतात, नाहीतर तिसऱ्याला विचारतात. म्हणून संकेतस्थळावर तुमची कामं काही दिवस ‘प्रलंबित’ दिसतील. जोडीदार सावकाश असतो, एवढंच. ‘एरर’ किंवा ‘इनव्हॅलिड’ मात्र अधूनमधून पाहत चला. शेकड्यात एखादं असेल तर सोडून द्या. रांगेने येत असतील तर तापमान, ग्राफिक्स ड्रायव्हर आणि रॅम, याच क्रमाने तपासा. तोवर काम घेणं थांबवा. चुकीची उत्तरं पाठवणारा संगणक नुसता निरुपयोगी नसतो, तो इतरांना तेच काम पुन्हा करायला लावतो.

मान्य झालेल्या कामाला गुण मिळतात. त्या गुणांनी काही विकत घेता येत नाही. वेगवेगळ्या प्रकल्पांचे गुण एकमेकांशी ताडून पाहण्यातही अर्थ नसतो, प्रत्येकाचा हात वेगळा सैल. संघ, क्रमवारी, स्पर्धा यांत मजा वाटत असेल तर जरूर पडा. पण गुण जास्त मिळतात म्हणून आवडीचा प्रकल्प सोडून दुसरीकडे गेलेली माणसं मी फार काळ टिकलेली पाहिली नाहीत.

फोनबद्दलही विचारलं जातं. अँड्रॉइडवर बॉइंक चालतं, आणि ते मुळातच सांभाळून वागतं: फोन चार्जिंगला लावलेला आणि बॅटरी जवळपास भरलेली असेल तरच काम करतं, आणि फाइलींची ने-आण वाय-फायवरूनच करतं. तरी रोजच्या वापरातल्या फोनवर मी ते घालणार नाही, बॅटरीला सततची ऊब मानवत नाही. रास्पबेरी पाय पडून असेल तर तो चालेल. वीज नगण्य घेतो, पल्सारच्या शोधाचं काम सावकाश पण नेमाने करतो.

ऑफिसच्या, कॉलेजच्या किंवा दुसऱ्या कुणाच्याही संगणकावर लेखी परवानगीशिवाय हे बसवू नका, उद्देश कितीही चांगला असला तरी. वीज, यंत्र आणि नेटवर्क त्यांचं असतं, आणि सुरक्षेच्या दृष्टीने पाहिलं तर अनोळखी प्रोग्रॅम प्रोसेसर भरभरून वापरतोय, एवढंच त्यांना दिसतं. घरी अँटिव्हायरसने बॉइंकच्या एखाद्या फाइलवर बोट ठेवलं तर तीच फाइल इतरांकडेही पकडली गेली आहे का ते आधी प्रकल्पाच्या चर्चापानावर पाहा, आणि मगच बॉइंकच्या माहितीच्या फोल्डरला वगळण्याच्या यादीत टाका. प्रकल्पाने पाठवलेल्या प्रोग्रॅमवर त्याची डिजिटल सही असते, आणि ती तपासल्याशिवाय बॉइंक तो चालवत नाही. पण ती सही करणारा प्रकल्प कोण आहे हे पारखणं तुमच्याकडेच राहतं. विद्यापीठ किंवा संशोधनसंस्थेचं नाव, आणि प्रसिद्ध झालेले शोधनिबंध, या दोन गोष्टी नसतील तिथे आपला संगणक देऊ नये.

कधी थांबावंसं वाटलं, संगणक विकायचा असला किंवा लांबच्या प्रवासाला निघालात, तर बॉइंक सरळ काढून टाकू नका. हातात घेतलेली कामं मुदत संपेपर्यंत तुमच्या नावावर अडकून पडतात आणि पलीकडचा जोडीदार तेवढे दिवस वाट पाहतो. ‘प्रोजेक्ट्स’ या पानावर प्रकल्प निवडून ‘नो न्यू टास्क्स’ दाबा, चालू कामं संपू द्या, ‘अपडेट’ दाबून ती पोचवा आणि मग प्रकल्प काढा. तितका वेळ नसेल तर उरलेली कामं ‘अबॉर्ट’ करून एकदा ‘अपडेट’ दाबा. सर्व्हरला त्याच क्षणी कळतं, आणि ती कामं लगेच दुसऱ्या कुणाकडे जातात.